पडद्याचं भांडण आणि होरेस ओव्हे

पुन्हा तोच वाद पेटलाय : मराठी चित्रपटाला प्राइम टाइम द्या, मल्टिप्लेक्सवाल्यांना वठणीवर आणा. अहो, 2015 मध्ये सरकारनं तसा हुकूम काढून झाला. तरी भांडण जागच्या जागीच.

लंडनमध्ये बसून हे वाचताना होरेस ओव्हे आठवतो. त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनचा हा दिग्दर्शक 1960 मध्ये इंग्लंडला आला, 'क्लिओपात्रा' चित्रपटात एक्स्ट्रा म्हणून उभा राहिला, त्या निमित्तानं रोम बघून आला आणि सिनेमा शिकला. त्याचा 'प्रेशर' (1976) हा ब्रिटनमध्ये कृष्णवर्णीय दिग्दर्शकानं केलेला पहिला पूर्ण लांबीचा कथापट. पटकथेत सोबत त्रिनिदादचाच कादंबरीकार सॅम्युअल सेल्व्हन.

लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्ह वस्तीतल्या खऱ्या रस्त्यांवर, 16 मिमीच्या अरुंद, स्वस्त फिल्मवर केलेला हा चित्रपट. 400 फुटांचा रोल अकरा मिनिटांत संपतो, त्यामुळे नवख्या माणसांकडून काम करून घेताना टेकवर टेक परवडत नाहीत. तालीम आधी, कॅमेरा मग. शिवाय थिएटरसाठी 16 मिमीचं मोठं 35 मिमी केलं की चित्रातले दाणे फुगतात, अंधारातले प्रसंग मातकट होतात. हे सगळं निभावलं. अडलं भलतीकडेच. पैसे बीएफआयचे, म्हणजे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचे, आणि पोलिसांची दांडगाई दाखवलीय म्हणून चित्रपट बराच काळ अडकून पडला तोही बीएफआयकडेच.

"बघा, पडदाच महत्त्वाचा!" असं कुणी म्हणेल. थांबा. त्याचा पुढचा मोठा चित्रपट 'प्लेइंग अवे' आला 1986 मध्ये. दहा वर्षं हा माणूस टिकला कशावर? टीव्हीवर. बीबीसीची 'एम्पायर रोड' ही मालिका, 1979 चं 'अ होल इन बॅबिलॉन' हे टीव्ही-नाट्य, मग चॅनेल 4 ही वाहिनी. ठरलेलं बजेट, ठरलेली तारीख; हात गंजत नाही आणि संकलकाच्या घरची चूल पेटती राहते. आपल्याकडे अनुदान मिळतं ते चित्रपट पुरा झाल्यावर, त्याचा दर्जा 'अ' की 'ब' ते ठरल्यावर. तोवर सावकाराचं व्याज मुद्दलाला गाठतं आणि दिग्दर्शक मालिकांच्या रोजच्या भागांत जुंपला जातो. सह्याद्रीनं वर्षाला चार-सहा दिग्दर्शकांना तासाभराची कामं नेमून दिली, तर प्राइम टाइमच्या हुकमापेक्षा जास्त फळेल. आम्ही इथं बीबीसी चालवणारी टीव्हीची लायसन्स फी कुरकुरत का होईना भरतो, ती त्यासाठीच.

आणि त्या टीव्हीच्या कामांत काय होतं ठाऊक आहे? 1985 मध्ये ओव्हेनं मुंबईच्या डबेवाल्यांवर माहितीपट केला, त्याच वर्षी भोपाळच्या वायुपीडितांवरही. आपण मात्र 2003 मध्ये युवराज चार्ल्स चर्चगेटला आले, तेव्हा जगानं डबेवाले पाहिले असं अजून सांगतो. त्याआधी अठरा वर्षं एका त्रिनिदादवाल्यानं ते इंग्लंडला दाखवले होते. यावर आपल्याकडे एक ओळ माझ्या वाचनात नाही.

आता माझ्या बाजूचं भोकही दाखवतो. ज्या व्यवस्थेचे मी गोडवे गातोय, तिनं ओव्हेला थिएटरचे चित्रपट मोजकेच करू दिले आणि 'सर' केलं 2022 मध्ये. पुढच्या वर्षी तो गेला. 'प्रेशर'ची नवी प्रत महोत्सवांत झळकली ती त्यानंतर.

त्या चित्रपटात दोन भाऊ आहेत. कॉलिन त्रिनिदादमध्ये जन्मलेला. तो ठासून बोलतो, आईनं तळलेल्या बेकन-अंड्याला नाकं मुरडतो. टोनी लंडनचाच, त्याला ते बेकन आवडतं आणि चांगले मार्क असून नोकरी मिळत नाही. मराठी सिनेमाच्या वादात मी इतक्या तावातावानं बोलतो तो कॉलिनसारखा, मागे गाव आहे या जोरावर. आमच्या घरातली टोनीची पिढी मराठी चित्रपट बघते तेव्हा नजर खालच्या इंग्रजी ओळींवर असते, आणि त्या ओळी गेल्या की पाचव्या मिनिटाला उठून जाते. खेळ प्राइम टाइमचा असो की नसो.