दिसला काय, दाजी?

जंगलात पक्षी दिसणं वेगळं आणि दुसऱ्यानं दाखवलेला पक्षी दिसणं वेगळं. पहिल्याला नशीब लागतं. दुसरी सरळसरळ तोंडी परीक्षा असते, आणि परीक्षक बायकोचा धाकटा भाऊ असेल तर कॉपीचीही सोय राहत नाही.

आमच्या मेहुण्यानं दुर्बीण घेतली आणि बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घराचा रविवार बुडाला. पूर्वी रविवारी सकाळी पिशवी घेऊन मटणाच्या रांगेला लागायचं, एवढंच काम असे. आता अंधारातच जांबोटीचा रस्ता धरायचा, खानापूर तालुक्यातला पाऊस अंगावर घ्यायचा आणि मान वर करून उभं राहायचं. निसर्गात माणूस कसा हरखून जातो, असं तो म्हणतो. हरखायला माझी ना नाही. काय बघून हरखायचं, तेवढं कळलं की झालं.

त्याची दाखवण्याची रीत अशी : "ते वाळकं झाड दिसतंय न्हवं? ते नव्हे, त्याच्या मागचं. त्याची डावी फांदी धरा. दोन फांद्या फुटतात तिथनं वर या. आता ते हलायलेलं पान बघा." जुलै महिन्यात कणकुंबीच्या रानात न हलणारं पान कुणी मला दाखवावं, मी त्याला कुंदा खिलवीन. वरून झाड ठिबकतंय, चष्म्यावर वाफ धरलीय, आणि कानाशी सारखं, "दिसला काय, दाजी? दिसला काय?"

त्यात आता घड्याळ आलंय. एकदा तो दबक्या आवाजात ओरडला, "दाजी, दोन वाजता!" मी मनगट बघितलं. साडेआठ झाले होते. "वेळ नव्हे ओ, दिशा! समोर बारा धरायचे." आम्ही एकमेकांकडं तोंड करून उभे होतो, म्हणजे त्याचे दोन ते माझे आठ. मी माझ्या दोन वाजता इमानदारीनं बघितलं. तिथं आमची गाडी उभी होती, आणि तिची काच उघडी राहिली होती. त्या रविवारचं माझं सगळ्यात उपयोगी निरीक्षण तेच.

धनेशाची गोष्ट मात्र त्यानं रंगवून सांगितली, हे कबूल. मादी झाडाच्या ढोलीत बसते, विष्ठेनं तोंड लिंपून घेते आणि चोच जाईल एवढी फट ठेवते. अंडी उबवून पिल्लं जरा मोठी होईपर्यंत नर बाहेरून फळं आणून भरवतो. ही सांगून मेहुणा माझ्याकडं सूचकपणे बघू लागला, खरं बायकोचा हिशोब वेगळाच होता. "इतके दिवस स्वैपाक नाही, दार वाजवायला कोण नाही," ती म्हणाली, "बरं आहे की गं बाई तिचं."

एवढ्यात वरून खरोखरच पंखांचा सूं सूं आवाज आला. तिथं उभा असलेला वनखात्याचा माणूस बोट दाखवून म्हणाला, "अल्ली नोड्री, मंगट्टे! मंगट्टे!" मंगट्टे म्हणजे कन्नडमधला धनेश. दोन भाषांतली दोन बोटं एकाच फांदीवर रोखलेली. मराठीत न दिसलेला पक्षी मला कन्नडमध्येही दिसला नाही.

अशा वेळी मी "वा, काय रंग!" म्हणतो. रंग प्रत्येक पक्ष्याला असतोच. अडचण पुढच्या प्रश्नाची. "चोच बघितली काय?" म्हटलं की मी खोकतो. हीदेखील मधेच खोकते, त्यावरून मला काही गोष्टी कळल्या आहेत. त्या मी बोलत नाही.

माझा निसर्ग गुडघ्याच्या खाली आहे. मेहुणा माळावर कुठल्याशा चंडोलाच्या मागं धावत होता, तेव्हा मला त्याच्या बुटाशेजारी दवबिंदूची रोपं दिसली. लालसर, बोटाएवढी. पानांवरच्या केसांना चिकट थेंब, आणि एका थेंबात चिलट अडकून पाय झाडत होतं. जांभ्या दगडावरच्या त्या मातीत नत्र कमी, म्हणून ही बया किडे खाऊन भागवते. मी चांगला उकिडवा बसून बघत होतो. "दाजी, खाली काय बघायलाय ओ? पक्षी वर असतोय!"

आणि जळू. जळू दाखवावी लागत नाही, ती स्वतः येते. आपला श्वास, ऊब, पावलांचा हादरा, एवढ्यावर तिला माणूस सापडतो. त्यासाठी दुर्बीण घ्यावी लागत नाही. चावताना कळत नाही, आणि तिच्या लाळेतल्या द्रव्यामुळं रक्त गोठत नाही. त्यामुळं ती पोट भरून निघून गेली तरी मोजा रंगत राहतो. मेहुण्याच्या मानेवर एक टम्म फुगलेली बघून मी म्हटलं, "सहा वाजता." त्यानं मागं वळून झाडं बघितली.

कणकुंबीला माऊलीच्या देवळापाशी मात्र मी बोट न दाखवता हरखलो. मलप्रभा इथं उगम पावते आणि पूर्वेला निघते, कूडलसंगमाला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडं जाते. याच तालुक्यातली म्हादई पश्चिमेला उतरून पणजीजवळ अरबी समुद्र गाठते. म्हणजे इथल्या एका डोंगरावर पडलेल्या पावसातला कुठला थेंब कुठल्या समुद्रात जाईल, ते वीतभर उतारानं ठरतं. म्हादईच्या पाण्यासाठी २०१० साली लवाद नेमावा लागला, त्यात थेंबाची साक्ष कुणी काढली नसावी. मी छत्री मिटून बराच वेळ भिजत थांबलो. मेहुण्याला वाटलं, मला पक्षी दिसला.

आता त्याच्या डोक्यात भीमगडचं अभयारण्य आहे. तिथल्या बारापेडे गुहेतल्या वटवाघळाची जात १९१३ साली जगाला कळली आणि नंतर कित्येक वर्षं ती दुसरीकडं कुठंच सापडली नव्हती, हे तो जेवताना सांगतो. वटवाघूळ, तेही गुहेत, अंधारात. मला दिसणार ते!

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फोटो टाकत असतो. सगळा हिरवा पाला आणि मधे लाल गोल. सगळे अंगठे देतात, मीही देतो. परवाच्या फोटोवर निपाणीच्या आत्यांनी तेवढं खरं ते लिहिलं : "छान आलाय रे. फणस काय?"