ससेहोलपट

आमच्या सशाचं नाव पैलवान. वजन दीड किलो. नाव ठेवलं तेव्हा अंगानं भरेल अशी आशा होती. वाढले ते फक्त दात.

सशाचे दात जन्मभर वाढतात, हे मला चाळिशीत कळलं. पुढचे तर आठवड्याला 2-3 मिलिमीटर. ते झिजावेत म्हणून त्यानं दिवसभर सुकं गवत चघळायचं असतं. पैलवानाला नेमकं गवताचंच वावडं. त्याला गाजर हवं. "गाजर म्हणजे त्याची मिठाई, जेवण नव्हे," असं डॉक्टरांनी सांगितल्यावर चित्रांच्या पुस्तकांनी जन्मभर फसवल्यासारखा आईचा चेहरा झाला.

एके दिवशी त्यानं गाजरही सोडलं. वाटीपाशी जायचा, तुकडा उचलायचा, टाकून द्यायचा. हनुवटीखालची लव ओलीचिंब.

"भुकेनं लाळ गाळतोय रे," आई म्हणाली. मलाही पटलं. बाकी चेहरा कसा, तर काही झालंच नाही असा. दुखणं लपवण्यात ससा पटाईत, कारण रानात जो आजारी दिसतो तो आधी उचलला जातो. आमच्या घरात त्याच्यावर टपलेलं कोणी नाही, हे त्याला पटवायचं कसं?

डॉक्टरांनी ओठ वर केला. पुढचे दात एकदम सरळ. माझी मान ताठ झाली.

"हे दाखवायचे," डॉक्टर म्हणाले. "खायचे मागे आहेत."

म्हण हत्तीची, पण सशालाही चपखल बसते. एकूण दात 28, त्यातले 22 गालांआड, आणि तोंड उघडतं एवढुसं. शेवटी कान तपासायचं यंत्र त्याच्या तोंडात घातलं. (पैलवानाला कान नाहीत अशातला भाग नाही.) खालच्या दाढेला आतून टोक आलं होतं आणि ते जिभेला टोचत होतं.

"पुढचे वाढले तर घरी नेलकटरनं..." मी सहज विचारलं. डॉक्टरांनी दातओठ खाल्ले. कात्रीत धरला तर दात उभा चिरतो म्हणे. घासायचा तो यंत्रानं, आणि दाढांसाठी भूल देऊनच.

"मग रात्रीपासून उपाशी ठेवू?"

"मुळीच नको! सशाला उलटी होतच नाही. उलट पोट रिकामं राहून आतडं थांबलं, तर हे दातांचं दुखणं परवडलं म्हणाल."

दाढ घासून झाली. घरी आल्यावर खरी कसोटी. दर काही तासांनी भिजवलेल्या चाऱ्याची पेज सिरिंजनं गालाच्या कडेनं थेंब थेंब सोडायची. "बाळा, एक घोट, एकच," असं म्हणत मी दाताच्या कण्या केल्या. निम्मी पेज त्याच्या छातीवर, निम्मी माझ्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, "लेंड्यांवर लक्ष ठेवा. पडल्या की आतडं चालू." आम्ही सगळे आळीपाळीनं पिंजऱ्याकडे डोळे लावून बसलो. ऑफिसातून तीनदा घरी फोन केला. पडल्या का? नाही. आई देवापाशी जाऊन बसली. नेमकं काय मागितलं ते सांगेना.

रात्री केव्हातरी माझा डोळा लागला. मग खांदा गदागदा हलला.

"अरे ऊठ, ऊठ! सात झाल्या!"

ऑफिसला उशीर झाला म्हणून मी धडपडत उठलो. बाहेर काळोख. समोर आई, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात कागद.

"बारीक आहेत," ती म्हणाली, "पण मोजून सात."