‘साखर कारखाना’ म्हणणाऱ्या वाचकास

अनामिक साहेब,

स्वीडनच्या फुटबॉल क्लबांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘स्वीडनचा फुटबॉल म्हणजे आपला सहकारी साखर कारखाना. सभासद हात वर करतात, संचालक चहा पितात, युरोपात कुणी विचारत नाही. वाचीव माहितीवर लेख पाडणं सोपं असतं.’ हे तुमचं वाक्य जसंच्या तसं. मतभेद चालतील, पण ‘लेख पाडणं’ कशाला? आल्स्वेन्स्कान, म्हणजे स्वीडनची सर्वात वरची लीग, 2008 साली 16 संघांची झाली तेव्हापासून मी ती बघतोय, एवढं तरी धरून चला.

तुमची एक दुरुस्ती मान्य. तळाचे तीन संघ खाली जातात असं मी लिहिलं होतं. थेट जातात दोनच; 14वा संघ खालच्या सुपरेत्तानमधल्या तिसऱ्याशी दोन सामने खेळून आपली जागा राखतो किंवा घालवतो. लेखात बदल केलाय.

आता कारखाना. स्वीडनमधला क्लब-मालकीचा 51 टक्क्यांचा नियम मतांवर आहे, भांडवलावर नाही, आणि तुमची सगळी गाडी इथेच घसरली आहे. क्लब ही सभासदांची संस्था. तिला फुटबॉलपुरती कंपनी काढता येते, पण त्या कंपनीत निम्म्याहून जास्त मतं संस्थेचीच हवीत. स्वीडिश कायद्यात एका प्रकारच्या शेअरला दुसऱ्याच्या दहापट मतं देता येतात. धरा, संस्थेकडे दहा मतांचे 100 शेअर, बाहेरच्यांकडे एका मताचे 900. भांडवल संस्थेचं 10 टक्के, मतं मात्र 1900 पैकी 1000. स्टॉकहोमच्या एआयके क्लबच्या कंपनीचे शेअर तर बाजारात विकले जातात. पैसा आत येऊ शकतो, फक्त क्लबच्या किल्ल्या त्याला मिळत नाहीत. कुठल्या साखर कारखान्यात असे दोन जातींचे शेअर पाहिलेत तुम्ही?

हात वर करतात, हे खरं. पण त्याआधी ठराव मुदतीत लेखी द्यावा लागतो, त्यावर संचालक मंडळ आपलं मत जोडतं, आणि हंगामाआधीच्या वार्षिक सभेत माणशी एक मत पडतं. मुदत हुकली की विषय वर्षभर लांबतो. मंजूर झाला की लीगच्या बैठकीत क्लबला त्याच बाजूनं बोलावं लागतं, संचालकांना पटो न पटो. व्हीएआर (व्हिडिओ पाहून निर्णय तपासणारा पंच) असंच अडलं: एकेका क्लबच्या सभेत विरोधाचे ठराव झाले, बहुसंख्य क्लब नको म्हणाले, आणि 2024 मध्ये स्वीडिश फुटबॉल महासंघानं विषय मिटवला. चहा पीत बसलेले संचालक इथे हरले होते, साहेब.

आणि युरोप? स्टॉकहोमचाच यूरगोर्डेन क्लब 2025 मध्ये कॉन्फरन्स लीग या युरोपातल्या तिसऱ्या दर्जाच्या क्लब-स्पर्धेच्या उपांत्य फेरीत होता. त्याच वर्षी नॉर्वेचं बोडो/ग्लिम्ट तिच्याहून वरच्या युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत. तिथेही क्लब सभासदांचाच. खरी अडचण कॅलेंडरची. हंगाम वसंतात सुरू होऊन नोव्हेंबरात संपतो. जुलैच्या युरोपीय पात्रता फेऱ्यांत खेळाडू लयीत असतात, हा फायदा. पण ऐन मध्यात खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा उन्हाळी बाजार उघडतो आणि सर्वाधिक गोल करणारा पोरगा विकला जातो. फेब्रुवारीत बाद फेरी आली तर लीगचा एकही सामना न खेळता उतरायचं. भांडवल ओतून हिवाळा हलत नाही.

हेलेविक या मासेमारीच्या गावातल्या मियेल्बीनं 2025 ची लीग तीन फेऱ्या राखून जिंकली, हे तुम्ही सोयीनं वगळलंत. डेन्मार्क, मशाली, कृत्रिम गवत यांवरच्या तुमच्या उरलेल्या तीन परिच्छेदांत उत्तर देण्यासारखं काही सापडलं नाही.

पुढची प्रतिक्रिया नावानिशी टाका. अनामिक आली तर राहणार नाही.