गावरान पिल्लांना ग्रोथ हार्मोन पाजू नका, आधी खाद्य मोजा

"पिल्लं अंग धरत नाहीत, ग्रोथ हार्मोनचं एखादं टॉनिक सांगा." कुक्कुटपालकांचा हा ठरलेला प्रश्न. असं टॉनिक असूच शकत नाही. हे हार्मोन म्हणजे 191 अमिनो आम्लांचं प्रथिन. पाण्यातून दिलं तर खाद्यातल्या प्रथिनांसारखंच पचून जातं. टोचलं तरी रक्तात काही मिनिटांत ओसरतं, आणि कोवळ्या पिल्लांवरच्या प्रयोगांत रोज टोचूनही वजन फारसं वाढलेलं नाही.

मुळात गावरान पिल्लात हे हार्मोन कमी पडतं, हाच गैरसमज आहे. पिल्लू उपाशी राहिलं की रक्तातलं ग्रोथ हार्मोन उलट वाढतं. घटतात ते आयजीएफ-1 (ग्रोथ हार्मोनच्या निरोपावरून यकृत बनवतं ते वाढीचं हार्मोन) आणि थायरॉइडचं टी-3 हार्मोन. हार्मोनचा निरोप घेणारा रिसेप्टर यकृतावर असतो, आणि पोट रिकामं असेल तर यकृत तो निरोप नीट घेत नाही. या रिसेप्टरचं जनुक झेड गुणसूत्रावर असतं. ते बिघडलं की कोंबडी बुटकी राहते, रक्तात हार्मोन भरपूर असूनही.

मग ब्रॉयलर एवढा कसा फुगतो? निवड पैदाशीमुळे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने 1957, 1978 आणि 2005 च्या वाणांना एकच खाद्य दिलं. 56 दिवसांची वजनं आली 905 ग्रॅम, 1.8 किलो आणि 4.2 किलो.

गावरानचा एफसीआर, म्हणजे एक किलो वजनामागे लागलेलं खाद्य, वाईट दिसतो, कारण पक्षी जास्त दिवस सांभाळावा लागतो आणि बरंच खाद्य नुसतं जगण्यावर खर्च होतं. समजा 16 आठवड्यांत 1.2 किलो वजन आणि 4.5 किलो खाद्य, म्हणजे 3.75. पण हा आकडा सरासरीचा. पंधराव्या आठवड्यात 490 ग्रॅम खाऊन 80 ग्रॅमच वाढ झाली असेल, तर त्या आठवड्याचा एफसीआर सहाच्या वर गेला. मांसाचे नर कधी काढायचे, हे या साप्ताहिक आकड्यावर ठरवा. मोकळं चरणाऱ्या पक्ष्यांच्या एफसीआरला मात्र अर्थ नाही. त्यांनी बाहेर काय टिपलं, ते कोण मोजणार?

त्यात सांडलेलं खाद्यही 'खाल्लेलं' म्हणूनच धरलं जातं. शंभर पक्षी रोज 70 ग्रॅमप्रमाणे 7 किलो खातात. दहा टक्के सांडलं तर दहा पक्ष्यांचं खाद्य लिटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या भुशाच्या थरात गेलं. फीडरची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवा, भांडं एक तृतीयांशच भरा, आणि खालचं लिटर मुठीत घेऊन बघा. भरडा दिसला तर आधी उंची वाढवा. मग जंत आणि कॉक्सीकडे (आतड्याचा कॉक्सिडिओसिस रोग) वळा, कारण आतडं खराब असेल तर महागातलं खाद्यही विष्ठेतून जातं.

ब्रॉयलर स्टार्टर (ब्रॉयलर पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य) देऊन वेग येत नाही. त्यातलं 22-23 टक्के प्रथिन गावरान पिल्लाला झेपत नाही. जादा नायट्रोजन युरिक आम्ल होऊन बाहेर पडतो, लिटर ओलं होतं, अमोनिया डोळ्यांना झोंबतो. पहिले सहा आठवडे 20 टक्क्यांच्या आसपास आणि पुढे 16 पुरे, पण लायसिन-मेथिओनिन या अमिनो आम्लांमध्ये काटकसर नको.

पैदाशीसाठी निवडताना नुसतं वजन पाहिलं तर खादाड पक्षीच हाती लागतात. एकाच हॅचचे (एकाच वेळी उबवलेले) पक्षी तीन-चार आठवडे स्वतंत्र पिंजऱ्यात ठेवून प्रत्येकाचं खाद्य तोला. वजन आणि वाढ पाहता जेवढं लागायला हवं, त्याहून कमी खाणारे राखा. नरांची तुलना नरांशीच, माद्यांची माद्यांशीच. ग्रोथ हार्मोन जनुकाच्या चाचणीवर यासाठी विसंबू नये. एका कळपात वजनाशी जुळलेली जनुकातली खूण दुसऱ्या कळपात जुळेलच असं नाही.