मावशी, लासोटा म्हणजे बर्ड फ्लूची लस नव्हे

ब्रह्मपुरीकडच्या मावशीचा परवा फोन आला. "काहून रे बाबू, बाकीचे देश लस देऊन ऱ्हायले अन् आपण कोंबड्या मारून ऱ्हायलो?" मागोमाग तिनं मेसेज धाडला. त्यात चार शोध: लस आहे, पण सरकार दडवतं. लस दिलेली कोंबडी खाल्ली की माणसाला रोग होतो. लासोटा पाजली की बर्ड फ्लू होत नाही. पक्षी मेले तर गुपचूप पुरा.

लस एवढी घातक, तर दडवली म्हणून बोंब कशाला? ते असो. या लशीत फ्लूचा जिवंत विषाणू नसतो. अन् खरा विषाणूही ७० अंशांवर शिजवलं की मरतो. आपला सावजी रस्सा किती रटरटतो ते सांगायला नको.

लासोटाचं मात्र डोकं फिरवणारं आहे. ती मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस. अवश्य द्या. पण मानमोडीचा विषाणू वेगळा, फ्लूचा वेगळा. दोन्हींत हिरवी हगवण, वाकडी मान, पटापट मर. त्यामुळे नुसतं पाहून भलेभले फसतात, आणि म्हणूनच नमुना भोपाळच्या प्रयोगशाळेत जातो. 'लासोटा दिली होती, म्हणजे फ्लू नाही' असं धरून कुणी गप्प बसला, की रोग शेजारच्या खुराड्यात गेलाच.

आणि गुपचूप पुरायचं? वीतभर खड्डा कुत्रं रात्रीतून उकरतं. कोंबडीचा रोग कोंबडीपुरता राहत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगानं गेले. शिवाय भरपाई मिळते ती सरकारी पथकानं मारलेल्या पक्ष्यांची. पुरलेल्याचे कोण देणार?

आता लस दडवण्याचं. निम्मं खरं आहे, मान्य करतो. केंद्राच्या बर्ड फ्लू रोखण्याच्या २०२१ च्या सुधारित आराखड्यात या लसीकरणाला परवानगी नाही. बाधित जागेभोवती एक किलोमीटरमधले पक्षी मारायचे, असंच आहे. चीन कित्येक वर्षं लस देतो. फ्रान्सनं ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना दिली, तर आदल्या हंगामातले तीनशेवर उद्रेक दहावर आले. पण लस घेतलेला पक्षी कधी धडधाकट दिसूनही विषाणू सोडत राहतो. म्हणून तिथं लशीनंतरही तपासण्या सुरूच असतात. आपल्याकडे परसात सोडलेल्या दहा-बारा कोंबड्यांमागे तपासायला कोण फिरणार? धोरणावर भांडा, मीही येतो. पण याला दडवणं म्हणत नाहीत.

फोन ठेवताना मावशी हळूच म्हणाली, दोन तलंगा कालपासून माना टाकून बसल्यात. हात लावू नको म्हटलं, नातवंडांना खुराड्याकडे जाऊ देऊ नको. ढोराच्या दवाखान्यात फोन मीच लावला.