मॅडमला खिसा नसतो

पुरुषाचा हुद्दा वाढला की त्याचे खिसे वाढतात. बाईचा हुद्दा वाढला की तिचे होते नव्हते तेही खिसे जातात. हे मी कुठं वाचलेलं नाही, स्वतःच्या अंगावरच्या कपड्यांवरून सांगते आहे.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडं कापूस वेचायला जाणाऱ्या बाया साडीवरून नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट चढवतात. ऊन लागत नाही, पऱ्हाटीच्या काड्या ओरबाडत नाहीत आणि वर छातीवर एक ऐसपैस खिसा मिळतो. तंबाखूची पुडी, वेचाईचे पैसे, पोराच्या शाळेची पावती, मोबाइल, सगळं त्यात मावतं. सुट्टीच्या दिवशी वावरात जाताना मीही यांचा शर्ट घालते आणि त्या दिवशी मला कशाचाच घोर नसतो. सोमवार उजाडला की मी शेतकरी उत्पादक कंपनीची मॅनेजर होते, आणि मग रुमाल कुठं ठेवावा हाही प्रश्न पडतो.

त्यातही खरा घोर विमानाच्या दिवशी. आमच्या कंपनीच्या रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी घेणारे लोक मुंबईला बसतात, त्यामुळं अधूनमधून मला नागपूरहून विमान धरावं लागतं. पहिल्या वेळी आमच्या अध्यक्षांनी बजावलं होतं, ‘‘मॅडम, जरा कोटबीट घालून जा. भाव बरा लागन.’’ अध्यक्ष स्वतः बंडी-धोतरात जिल्हा बँकेत जातात आणि कर्ज मंजूर करून आणतात, पण ते असो.

म्हणून नागपूरला सीताबर्डीवर जाऊन ब्लेझर घेतला. किंमत पाहून छातीत धस्स झालं, कारण आमच्याकडं कुठलीही किंमत आधी कापसात मोजतात. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ७५२१ रुपये, आणि ब्लेझर त्याच्याच आसपास. क्विंटलभर कापसातून ३३-३४ किलो रुई निघते. तेवढ्या रुईच्या मोलात एका खिशाचं कापड बसू नये?

दिसायला खिसे होते. दोन्ही बाजूंना ऐटदार झाकणं, खाली शिवलेली फट. यांच्या लग्नातल्या कोटाचे खिसेही असेच टाचलेले होते, टाके उसवल्यावर आत हातभर खिसे निघाले होते. म्हणून मीही ब्लेड घेऊन बसले. चष्मा लावून, जीव मुठीत धरून एकेक टाका उसवला. झाकण उचललं. आत अस्तर. अस्तराच्या मागं पुन्हा अस्तर. भिंतीवर दाराची चौकट रंगवून ठेवावी, तसा प्रकार. यांच्या कोटाला बाहेर तीन, आत दोन आणि पेनासाठी एक वेगळा खिसा आहे, आणि हा माणूस तो कोट घालून आयुष्यात फक्त लग्नांच्या पंगतीला गेलेला आहे.

२०१८ साली ‘द पुडिंग’ नावाच्या एका संकेतस्थळानं वीस ब्रँडच्या जीन्स जमवून त्यांचे खिसे टेप लावून मोजले. बायकांच्या जीन्सचा पुढचा खिसा पुरुषांपेक्षा सरासरी ४८ टक्के आखूड आणि साडेसहा टक्के अरुंद निघाला. तिथल्या बाया त्यावर चांगल्याच चिडल्या म्हणे. बायांनो, तुमचा निदान अर्धा तरी आहे!

आता सांभाळायचं काय काय ते बघा. मोबाइल, ज्यात बोर्डिंग पास. आधार कार्ड. एटीएम कार्ड. टॅक्सीचे सुटे पैसे. चष्मा. घराच्या किल्ल्या, कारण मी परत येईन तेव्हा घरचे वावरात असणार. पॉवर बँक, जी खाली सामानात टाकू देत नाहीत, जवळच ठेवावी लागते. शिवाय सासूबाईंनी जबरदस्तीनं हातात घालायला लावलेल्या दोन पाटल्या. ‘‘मुंबईले लंकेची पार्वती होऊन जातं का वो?’’ या सगळ्याला मिळून जागा एकच, खांद्यावरची पर्स.

पर्सच्या बाबतीत विमान कंपन्यांचा एक नियम मला फार आवडतो. केबिनमध्ये सात किलोची एक बॅग न्या, आणि शिवाय लेडीज पर्स किंवा लॅपटॉपची छोटी बॅग न्या. त्यातलं ते ‘किंवा’ बघा. नियम लिहिणाऱ्याच्या मनात माणसं दोन जातींची आहेत, एक बायका आणि दुसरे लॅपटॉपवाले. मी दोन्ही आहे, त्यामुळं पर्स लॅपटॉपच्या बॅगेत कोंबते. म्हणजे ज्या वस्तू हाताशी असाव्यात त्या आता चार्जरच्या वायरींखाली, तिसऱ्या कप्प्यात, डब्याला टेकून असतात. डब्यात धपाटे असतात हे सांगायला नको.

रात्री दोनला गाडी काढायची. यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी. विमानतळ वर्धा रोडलाच सोनेगावला आहे एवढं एक बरं, नाहीतर शहर ओलांडायचं वेगळं दिव्य. तिथवर सगळं ठीक असतं. गोंधळ सुरू होतो तो तपासणीच्या पट्ट्यावर.

लॅपटॉप काढा, ट्रेमध्ये ठेवा. मोबाइल ठेवा. पर्स ठेवा. आपलं सगळं ऐहिक त्या ट्रेमध्ये मांडलं की पट्टा ते आत ओढून घेतो आणि आपण रिकाम्या हातानं रांगेत उभं राहायचं. पुरुषांच्या रांगा भराभर सरकतात. उघड्यावर पेटीवर चढले, हात पसरले, फिरले, उतरले, ट्रे उचलला, गेले. बायकांची तपासणी पडद्याआड होते. ते योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पडदा एक आणि आम्ही बारा. तिकडं माझा ट्रे केव्हाचा बाहेर येऊन पडलेला असतो. त्यात माझा मोबाइल आणि माझी पर्स अंग चोरून पडलेली, आणि आजूबाजूला सुटाबुटातले वीसेक अनोळखी हात आपापला ट्रे शोधताहेत. मी इकडून मान उंच करून राखण करते. वावरात हरभऱ्याला डुकरं लागली तरी मी इतकी डोळ्यात तेल घालून जागत नाही.

शेवटी नंबर लागतो. ‘‘मॅडम, हाथ ऊपर.’’ मी हात वर करते आणि पडद्याच्या फटीतून ट्रेकडं बघते. ‘‘मॅडम, सामने देखिए.’’ सामने काय आहे? सामने भिंत आहे. माझा संसार मागे पडला आहे. ती कॉन्स्टेबल बाई समजूतदार असते, पण एक गोष्ट मला तिथं हटकून खुपते. तिच्या गणवेशाला छान बटणांचे खिसे असतात.

विमानात बसल्यावर तरी पर्स मांडीवर घेऊन निवांत डोळे मिटावेत? एकदा मला आपत्कालीन दाराजवळची सीट मिळाली. पाय पसरायला जागा म्हणून मी खूश. हवाईसुंदरी आली आणि म्हणाली, इथं काहीच जवळ ठेवता येणार नाही, ना मांडीवर, ना पुढच्या सीटखाली. नियम बरोबर आहे. आग लागली तर माझ्या पर्सच्या पट्ट्यात अडकून लोक पडायला नकोत. तिनं पर्स उचलली आणि वरच्या फळीत जागा नव्हती म्हणून चार रांगा मागं नेऊन ठेवली. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून लालपरीत मुंगीलाही शिरायला जागा नसते. पण दारव्हा-यवतमाळच्या गर्दीतही मी पर्स पोटाशी आवळून उभी राहते आणि कंडक्टर ती मागच्या फळीवर ठेवायला लावत नाही.

आणि ही भीती काही उगाचची नाही. २०२४ साली दिल्ली पोलिसांनी एक माणूस पकडला. त्यानं वर्षभरात दोनशेच्या आसपास विमानप्रवास केले होते, ते फक्त वरच्या फळीतल्या बॅगांमधून बायकांचे दागिने काढायला. तिकीट काढून, रांगेत उभं राहून, रीतसर तपासणी करून घेऊन चोरी! यवतमाळच्या बसस्टँडवरचा पाकीटमार याच्यापुढं गरीब म्हणायचा. तर तो पूर्ण प्रवास मी मान मागं वळवून केला. शेजारच्या गृहस्थांना वाटलं, मागं कुणी ओळखीचं आहे. ते म्हणाले, ‘‘तुम्हाला तिकडं बसायचं असेल तर मी बोलू का?’’

विमानातल्या टॉयलेटचं थोडक्यात सांगते. मोबाइल सीटवर सोडून जायचं मन होत नाही, म्हणून हातात नेला. आत बेसिनचा काठ ओला, खाली जमीन ओली, आणि कुठं टांगावा म्हटलं तर खुंटी नाही. आमच्याकडं गुरांच्या कोठ्यातसुद्धा दावं अडकवायला खुंटी असते. मोबाइल दातात धरला. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी टकटक केलं. आत माणूस आहे हे सांगायला तोंड उघडावं, तर मोबाइल कुठं पडेल ते दिसतच होतं. मी घशातून जो आवाज काढला, तो ऐकून बाहेर पुन्हा टकटक झाली नाही.

घरी हे सगळं सांगितलं तेव्हा सासूबाईंनी कमरेला खोचलेला बटवा काढून माझ्यासमोर धरला. ‘‘आमचं पाय. चाळीस वर्सं झाली, एक आणा नाही गेला.’’ खरंच आहे. त्यांना रात्री झोपेतून उठवून विचारलं तरी बटवा जागेवर असतो. युरोपातल्या बायकाही सतराव्या-अठराव्या शतकात हेच करायच्या. घागऱ्याच्या आत कमरेला नाडीनं खिसे बांधायचे, वरून फट ठेवायची, हात घातला की ऐवज हाती. पुढं अठराव्या शतकाच्या अखेरीस अंगालगत बसणाऱ्या झग्यांची फॅशन आली, तो फुगवटा कुणाला खपेना, आणि बायकांच्या हातात नाजूक थैल्या आल्या. सासूबाईंपर्यंत ती फॅशन पोचली नाही, म्हणून त्यांचे पैसे वाचले. मला मात्र बटवा खोचायला साडीच्या निऱ्या पाहिजेत, आणि पँटच्या पट्ट्यात खोचला तर पडद्याआडची बाई आधी तोच उघडायला लावेल. उरला ब्लाउजचा मार्ग. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत त्या मार्गानं आलेल्या नोटा किराणावाला चिमटीत धरून पंख्याखाली ठेवतो, हे मी पाहिलेलं आहे.

मग मी आमच्या टेलरकडं गेले. ब्लेझर पुढ्यात टाकला आणि म्हटलं, भाऊ, याला खिसे लावा, आणि पँटलाही.

त्यानं चॉक कानामागं खोचला. ‘‘मॅडम, खिसा लावला तं फिटिंग बिघडन.’’

‘‘यांच्या पँटीला बरे सहा खिसे लावता?’’

‘‘त्याईच्या फिटिंगले कोन पाह्यते?’’

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पण मी हटले नाही. खिशात काय काय मावलं पाहिजे ते विचारायला लागला, मी सांगत गेले, मोबाइल, चष्मा, किल्ल्या, पैसे. तो विचारात पडला. मग म्हणाला, ‘‘म्हंजे तुमाले बुढ्यासारखा चोरखिसा पायजे.’’ आमचे सासरे कापूस विकून, पट्टी करून येतात तेव्हा पैसे बंडीच्या आतल्या चोरखिशात असतात. तो खिसा या टेलरच्याच वडिलांनी शिवला होता, माप दुकानाच्या वहीत होतं. ‘‘काई चिंता करू नका, सहा म्हैने पैसा दिसनार नाही.’’

खिसा झाला, आणि काय खिसा झाला! कापसाच्या पैशांचं माप ते, पन्नासच्या नोटांच्या काळातलं. ब्लेझरच्या आतून सुरू होऊन अस्तराखालून थेट कमरेच्या खाली. सगळं मावलं. धपाट्याचा डबा तेवढा राहिला. तपासणीला ट्रेमध्ये सगळं काढून ठेवताना मागची माणसं थांबून बघायला लागली, जादूगार रुमाल काढतो तसं एकामागून एक निघत होतं. पण विमानात बसल्यावर मी पर्स खुशाल वर ठेवू दिली आणि नागपूर ते मुंबई झोपले.

मुंबईच्या मीटिंगमध्ये सगळे गंभीर. समोर खरेदी करणाऱ्या कंपनीचे चौघे, त्यांच्यात एकच बाई, सगळ्यांत वरच्या हुद्द्याची. भावावर गाडी आली आणि माझा मोबाइल वाजला. मांडीच्या खालून कुठूनतरी. मी हात घातला. कोपरापर्यंत गेला तरी किल्ल्याच लागत होत्या. खांदा वाकवला, कूस बदलली, दंडापर्यंत हात आत. चौघे थांबून बघताहेत. मोबाइल निघाला तोवर घंटी बंद झाली होती. सासूबाईंचा होता.

मीटिंग संपल्यावर ती बाई माझ्या मागोमाग लिफ्टपर्यंत आली. मला वाटलं, गाठींचं काही बोलायचं असेल. ती हळूच म्हणाली, ‘‘जरा दाखवता का?’’ मी ब्लेझर उघडून दाखवला. तिनं आत हात घालून तळ लागतो का ते पाहिलं, दोनदा पाहिलं. मग तिच्या स्वतःच्या कोटाचं खोटं झाकण उचलून मला दाखवलं. टेलरचा नंबर मागितला. मी दिला, पण सांगितलं की दारव्ह्याला यावं लागेल, तो फोनवर माप घेत नाही. ‘‘येते,’’ म्हणाली, ‘‘डिसेंबरात येते.’’

कापसाचा भाव मात्र तिनं दमडीनंही वाढवला नाही.