पहिला ग्राहक पावसाळ्यात शोधावा

नवे सॉफ्टवेअर तयार झाले की आपल्याकडची मुले आधी फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींसाठी पैसे बाजूला काढतात. माझे स्पष्ट मत आहे की पहिले आठ-दहा ग्राहक मिळेपर्यंत त्यातला एक रुपयाही खर्च करू नये, कारण ज्याची अडचण आपण डोळ्यांनी पाहिलेली नाही, त्याच्यासाठी लिहिलेली जाहिरात कोणाच्याच मनाला भिडत नाही.

मी लहान गेस्ट हाऊससाठी बुकिंगचे सॉफ्टवेअर करतो, म्हणून त्याच धंद्यातले सांगतो. गोव्यातल्या कळंगुटच्या किंवा काणकोणच्या मालकाकडे डिसेंबरमध्ये गेलात, तर त्याला मान वर करायलाही फुरसत नसते. जून ते सप्टेंबरमध्ये मात्र बऱ्याच खोल्या रिकाम्या असतात, डागडुजी चाललेली असते आणि मालक निवांत बोलतो. तेव्हा काउंटरवरची जाड वही पाहायला मागावी. एकाच तारखेसमोर फोनवरून आलेले एक नाव, संकेतस्थळावरून आलेले दुसरे, एजंटने कळवलेले तिसरे, आणि त्यातले एक खोडून शेजारी बारीक अक्षरात लिहिलेला दुसऱ्या खोलीचा क्रमांक, असे ते पान असते. परदेशी पाहुणा उतरल्यापासून चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. त्यासाठी काढलेले पासपोर्टचे फोटो मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये इतर शंभर फोटोंत हरवलेले असतात. एका मालकीणबाईंनी मला सांगितले, "ते आलेख वगैरे राहू दे रे बाबा, एकच खोली दोघांना जाणार नाही एवढे बघ." माझ्या माहितीपत्रकावर आज तेच वाक्य सर्वांत वर आहे.

मोठ्या कंपन्यांचीही सुरुवात अशीच झाली आहे. पर्यटकांना लोकांची घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीचे संस्थापक 2009 मध्ये न्यूयॉर्कमध्ये घरमालकांच्या दारी गेले आणि त्यांच्या घरांचे चांगले फोटो काढून दिले. ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सेवा देणाऱ्या स्ट्राइपचे संस्थापक कॉलिसन बंधू तर समोरच्याने होकार देताच त्याचाच लॅपटॉप मागून घेत आणि तिथल्या तिथे आपली सेवा जोडून देत. लिंक पाठवून घरी परतणे आणि शेजारी बसून वहीतली जुनी बुकिंगे स्वतः भरून देणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

फुकट मात्र देऊ नये. थोडे का होईना, पैसे मोजलेला मालक सॉफ्टवेअर रोज उघडतो आणि काही बिघडले तर हक्काने फोन करतो. फुकट घेतलेला पुन्हा वहीकडे वळतो आणि आपल्याला कळतही नाही. मालकाचा जीएसटी भरणाऱ्या अकाउंटंटलाही आवर्जून भेटावे, कारण त्याच्या शब्दाला मालकाच्या लेखी आपल्या दहा माहितीपत्रकांपेक्षा अधिक वजन असते आणि त्याच्याकडे असे आणखी मालक येत असतात. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी दोन-तीन ठिकाणी काम चालू करून दिले, तर ऑक्टोबरमध्ये पर्यटक येऊ लागेपर्यंत चुका सापडून दुरुस्त करायला पुरेसा वेळ मिळतो.